बिनखुंटाचा खड्डा

माझ्या भाऊजींना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, काहीच येत नाही. राजुऱ्याकडच्या एका दगडखाणीत ते सुरुंगाच्या कामावर होते. कान एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले, मग पोरांचे, मग बायकोचा, आणि एका पावसाळ्यात टिनाच्या छपरावरचा पाऊसही त्यांना ऐकू येईना. काम सुटलं तेव्हा बाई त्यांना घेऊन आमच्या गावी आली. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.

गाव सावली तालुक्यातलं, धानाचं. गावाच्या अंगाला जुना तलाव आहे आणि त्यातली मासेमारी आम्हा ढिवरांच्या सोसायटीकडे आहे. भाऊजी कोरड्या मुलखातले. पोहणं इथे येऊन शिकले, तेही जेमतेम. जाळं ओढायला त्यांना घेता येत नसे, कारण जाळ्यात सगळं हाकेवर चालतं: ढील दे, ओढ, थांब. त्यांनी बरची धरली. लांब बांबू आणि टोकाला लोखंडाची पाच अणकुचीदार बोटं. हिवाळ्यात पाणी उतरलं की तलावाच्या कडेला गुडघाभर, मांडीभर पाण्यात गवत माजतं आणि थंडीनं सुस्तावलेली मरळ त्या गवतात बसून राहते. तिथे जाळं चालत नाही, बरचीच लागते. आणि बरचीला कान लागत नाहीत, डोळे लागतात. दोन हिवाळ्यांत भाऊजी आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चांगले बरचीवाले झाले. ते पाण्यात उभे राहिले की बगळा उभा राहिल्यासारखं वाटे.

त्यांना बोलवायचं कसं, हे बाईनं ठरवून टाकलं होतं. अंगणात असले की त्यांच्या पुढ्यात एक खडा टाकायचा. ते वर बघत. मग ती हातवारे करी. घरातले सगळे, शेजारचे सगळे तसंच करू लागले होते. पाठीमागून खांद्याला हात लावलेला त्यांना चालत नसे, दचकत.

बाईकडे बर्फाचं काम होतं. तलावावर मासे काढायचा दिवस ठरला की ती पहाटेच टेम्पो घेऊन मूल या गावी जाई आणि कारखान्यातून लाद्या आणी. बर्फाची लादी म्हणजे दोन माणसांच्या वजनाचा काचेचा ठोकळा. पहिल्या वेळी मी ती उघड्या हातानं ढकलायला गेलो आणि तळहाताची सालं निघाली. बाईनं मला तिथल्या तिथे झापलं होतं.

"हात काऊन लावतोस? थो जिवंत नाई का मेला नाई, त्याले काई समजत नाई. बारदाना घे, आकडा घे."

तिचे नियम साधे होते आणि ती ते दर खेपेला नव्यानं सांगे, जसं काही आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय. लादीला उघडा हात लावायचा नाही. पायात चप्पल नको, बूट पाहिजे. लादी उतारावरून सोडताना तिच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, बाजूनं चालायचं. सुटली तर सुटू द्यायची, अडवायला जायचं नाही. कारखान्यात तिच्या डोळ्यांदेखत एका हमालानं सुटलेली लादी पायानं अडवली होती. त्याचं नडगीचं हाड बाहेर आलं ते तिनं पाहिलं होतं.

आता खड्ड्यांचं सांगतो.

आदल्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढला. गाळ शेतात जाणार म्हणून सगळे खूश. पण मशीन एकदा उतरली की ती गाळापाशी थांबत नाही. गाळाखाली मुरूम लागला, तो रस्त्याच्या कामाला हवा होता. जिथे चांगला मुरूम लागला तिथे खोल खणत गेले, नाही लागला तिथे सोडून दिलं. पाऊस आला, तलाव भरला आणि वरून सगळं पाणी सारखं दिसू लागलं. श्रावणात एका घरची म्हैस नेहमीच्या वाटेनं पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यात चालता चालता ती दिसेनाशी झाली. म्हैस पोहते. पण खड्ड्याच्या भिंती उभ्या आणि चिखलाच्या होत्या, पाय टेकायला गेली की भिंत ढासळे. आम्ही काठावर उभे राहून ते पाहिलं. कुणाला काही करता आलं नाही.

पाणी उतरू लागल्यावर मी आणि भाऊजी डोंगा घेऊन निघालो. एकजण वल्हवायला, एकजण लांब बांबूनं तळ चाचपायला. चाचपायचं काम भाऊजींनी घेतलं. त्यांच्या हाताला तळ कळे. बांबू टेकला, टेकला, टेकला, आणि एकदम खाली गेला की ते हात वर करत. तिथे आम्ही खुंट रोवायचो, पण खड्ड्याच्या काठावर नाही. काठ ढासळणारा. काठाच्या अलीकडे, माणूस आडवा झोपेल इतकं अंतर सोडून, चारी अंगांनी बांबू आणि प्रत्येकाला बाईच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी. धुक्यातही लाल दिसतं. दोन चिंध्यांच्या मधून जायचं नाही, एवढंच सगळ्यांना सांगितलं.

लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की हळूहळू त्याचा उलटा अर्थही पक्का झाला. चिंधी नाही म्हणजे खड्डा नाही. बरचीवाला माणूस पाण्याकडे बघत चालतो, पायाकडे नाही. खुंट दिसला की वळायचं, नाही दिसला की पुढे. ज्यानं स्वतःच्या हातानं खड्डे चाचपले होते ते भाऊजीही तसंच चालत. तलावात ओळखीची झाडं नसतात, घरं नसतात. पाणी सगळीकडे पाणीच.

अडचण जाळ्याची होती. पौषात जाळ्याचा मोठा ओढा असतो. तलावाच्या मधोमध जाळं सोडून दोन्ही अंगांनी काठाकडे ओढत आणायचं. खुंट मधे आले की जाळं अडकतं, फाटतं. आमच्या नात्यातले एक काका जाळ्याचे म्होरके होते. त्यांचं जाळं मार्गशीर्षात एका खुंटाला लागून कमरेएवढं फाटलं होतं. ते चिडले.

"मासे धरायचे का तुमची झेंडावंदनं करायची?" ते सोसायटीच्या बैठकीत म्हणाले.

बाई बैठकीत बसत असे. ती म्हणाली, "काका, जाळं शिवता येते."

काका वाईट माणूस नव्हते. शेवटी असं ठरलं की ओढ्याच्या दिवशी पाळीजवळच्या, म्हणजे तलावाच्या बांधाजवळच्या, दोन खड्ड्यांचे खुंट उपटायचे, जाळं काठाला लागलं की ज्यानं उपटले त्यानंच परत रोवायचे आणि ते झाल्यावरच बरचीवाले पाण्यात उतरायचे. उपटणारे काका, रोवणारेही काका. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. यात चुकण्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. पाळीवरून पलीकडचं धान कापलेलं शेतही दिसत नव्हतं. जाळेवाले अंधारातच उतरले होते. उजाडेपर्यंत जाळं काठाला आलं आणि त्यात एवढे मासे होते की जाळ्याचं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. रोहू, कतला, बारीकसारीक. ओरडाआरडा, हसणं, बायका टोपल्या घेऊन धावल्या. काकांनी पहिल्या खड्ड्याचे खुंट परत रोवले, हे मी स्वतः पाहिलं. लाल चिंध्या पुन्हा पाण्यावर उभ्या राहिल्या. मग ते दुसऱ्या खड्ड्याचे बांबू उचलायला काठाला आले, तेवढ्यात जाळ्यातून एक शिंगी निसटून पोरीबाळींच्या पायांत जाऊ लागली. काकांनी ती हातानं दाबली. शिंगीच्या काट्यात विष असतं. काटा तळहातात शिरला. एवढा मोठा माणूस खाली बसून हात झाडत कण्हू लागला. कुणीतरी त्यांना पाळीपलीकडच्या झोपडीत चुना लावायला नेलं. बांबू तिथेच गवतात पडून राहिले.

खुंट लागले, असंच सगळ्यांना वाटलं. एका खड्ड्याचे लागलेले दिसतच होते.

बरचीवाले उतरले. चौघे-पाचजण होते, भाऊजी त्यात. मीही उतरणार होतो, माझी बरची काठावर टेकवून ठेवली होती. पण टेम्पोचा हॉर्न वाजला. बाई आली होती, आणि लादी उतरवायला तिला माझ्याशिवाय दुसरा कोणी चालत नसे.

टेम्पो पाळीवर उभा. मासे खाली, आतल्या उतारावर, पाण्याच्या कडेला. लादी तिथपर्यंत न्यायची होती. उतारावर आम्ही दोन फळ्या टाकल्या, त्यांवर ओला बारदाना. लादीला दोर बांधला. दोराचा फेरा बाईनं पाळीवरच्या मोहाच्या बुंध्याला दिला आणि ती बुंध्यामागे उभी राहिली, थोडा थोडा ढील देण्यासाठी. मी आकडा घेऊन लादीच्या बाजूनं चालणार होतो, वाकडी गेली तर सरळ करायला. माझ्या कमरेला फोडलेल्या बर्फाचं छोटं पोतं लटकत होतं, वरच्या टोपलीतल्या नाजूक माशांसाठी.

खाली बायका मासे निवडत होत्या. फळ्यांच्या रेषेतच बसल्या होत्या.

"बाजूले सरका व बायाहो!" बाई वरून ओरडली.

"सरकतो, बाई, सरकतो," खालून उत्तर आलं, आणि दोघी सरकल्या. तिघी तशाच बसून राहिल्या. त्यांच्या मांडीपुढे माशांचा ढीग होता, तो घेऊन कसं सरकणार?

"हळू सोडू," मी म्हणालो.

बाईनं ढील दिला. लादी घसरली, थांबली, घसरली. धुकं विरत चाललं होतं. माझं तोंड लादीकडे, म्हणजे पाळीकडे. बाईचं तोंड तलावाकडे. लादी अर्ध्या उतारावर आली असेल तेव्हा दोर थांबला. मी वर पाहिलं. बाई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

"खुंट कुठी हायेत?" ती म्हणाली. हळूच म्हणाली, जसं काही स्वतःलाच विचारतेय.

मी मागे वळलो. एका खड्ड्याभोवती चार चिंध्या होत्या. दुसऱ्या खड्ड्याच्या जागी नुसतं पाणी, जाळ्यानं ढवळून मातकट झालेलं. आणि त्या दिशेनं भाऊजी चालले होते. आमच्याकडे पाठ. बरची खांद्याच्या वर उचललेली. मांडीभर पाण्यात, एक पाय, थांबणं, दुसरा पाय. समोर गवताच्या कडेला त्यांना काहीतरी दिसलं असावं.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "थांबा! पुढे नका जाऊ!"

आणि सगळे थांबले. पाण्यातले बाकीचे बरचीवाले होते तिथे खिळले. खालच्या बायका थांबल्या आणि माझ्याकडे वर पाहू लागल्या. तलावावरच्या ज्याला ज्याला कान होता तो थांबला. ज्यांच्यासाठी ओरडलो ते तेवढे चालत राहिले.

पहिल्यांदा मनात आलं की पळत सुटावं. आकडा सोडला असता तर लादी फळीवरून वाकडी होऊन त्या तिघींवर गेली असती. त्या अजूनही बसलेल्याच होत्या, माझ्याकडे बघत, काय झालं म्हणून. बाईचे दोन्ही हात दोरावर.

"उठा तिथून! उठा!" ती आता बायकांवर ओरडत होती. तिघींपैकी एक म्हातारी होती, गुडघ्यांनी अधू. दुसऱ्या दोघी तिला धरून उठवू लागल्या. त्याला वेळ लागत होता.

"बर्फ!" बाई ओरडली. "अरे बर्फ फेक त्याइच्याकडे!"

तिच्या डोक्यात अंगणातला खडा होता. मलाही तेच वाटलं. एका हातानं आकडा दाबून धरत मी पोत्यात हात घातला, मुठीएवढा तुकडा काढला आणि फेकला. डाव्या हातानं फेकला, कारण उजवा आकड्यावर. तो भाऊजींच्या पुढे, उजव्या अंगाला पडला. धप्प. पाणी उडालं.

अंगणात ते वर बघतात. पण हातात बरची असलेल्या माणसाच्या समोर पाणी उडालं की त्याला खडा आठवत नाही, मासा आठवतो. भाऊजी वाकले. बरची आणखी वर गेली. आणि ते त्या उडालेल्या पाण्याकडे, म्हणजे थेट खड्ड्याकडे, झपाझप निघाले.

माझ्याच हातानं मी त्यांना पुढे ढकललं होतं.

"मागं फेक! मागं!" बाईचा आवाज चिरकला.

मी दुसरा तुकडा काढला. यावेळी आकडा छातीनं दाबला, लादीचा गारवा सदऱ्यातून आत आला, आणि उजवा हात मोकळा करून फेकला. तुकडा भाऊजींच्या डाव्या अंगाला, पाठीशी पडला. ते गर्रकन वळले. ओल्या चेहऱ्यावर डोळे मोठे झालेले मला इथून दिसले. बर्फाचा तुकडा पाण्यात एकदा बुडून वर आला असेल, मातकट पाण्यात पांढरं काहीतरी हललं असेल. त्यांनी सगळ्या अंगाचा जोर लावून बरची मारली. बरची तळात शिरली, घट्ट रुतली.

आणि त्याच झटक्यानं त्यांच्या मागच्या पायाखालचा काठ गेला.

ते पडल्यासारखे दिसले नाहीत. उंची कमी झाल्यासारखे दिसले. कंबर गेली, छाती गेली, खांदे गेले. डोकं एकदा पाण्याखाली गेलं. दोन हात मात्र बरचीच्या बांबूवर होते. बांबू वाकला. पण बोटं घट्ट जमिनीत रुतली होती, खड्ड्याच्या अलीकडच्या कठीण तळात. डोकं वर आलं. त्यांनी श्वास घेतला तो आवाज पाळीपर्यंत आला.

"जा!" बाई म्हणाली.

"लादी?"

"मी हावो ना. जा!"

मी पाहिलं तर तिनं दोराचा आणखी एक फेरा बुंध्यावर टाकला होता आणि मागे रेलून सगळं वजन स्वतःवर घेतलं होतं. म्हातारी बाजूला झाली होती. मी आकडा सोडला. लादी हातभर घसरली, दोर करकरला आणि थांबली.

काठावर गवतात ते बांबू पडलेले होते, लाल चिंध्यांसकट. त्यातला एक उचलला आणि पाण्यात शिरलो. सरळ त्यांच्याकडे धावावंसं वाटत होतं. पण खड्डा कुठून कुठवर आहे हे मला तरी नीट कुठे आठवत होतं? पुढे बांबू टेकत, टेकला की पाऊल, टेकला की पाऊल. पाणी इतकं गार होतं की मांड्यांना चटका बसल्यासारखं वाटे. भाऊजी माझ्याकडे बघत होते. ओरडत नव्हते. त्यांच्या हातातला बांबू दर श्वासागणिक हलत होता आणि रुतलेल्या जागेतून बुडबुडे येत होते. ती बोटं सुटू लागली होती.

मी हातानं खुणावलं: हलू नका. ते हलले नाहीत.

दुसरे दोन बरचीवाले मागून आले होते. त्यांना म्हटलं, "माह्या पायाले धरा." आणि मी पाण्यात पालथा पडलो, जसं चिखलात रुतलेल्या वासराकडे जातात तसं, वजन पसरून. बांबू पुढे सरकवला. भाऊजींनी आधी एक हात बरचीवरून काढला. तेवढ्यात बरची उपटून आली. ते पुन्हा खाली गेले, पण बांबू त्यांच्या मुठीत होता. ती ओढ माझ्या खांद्यात बसली, आजही थंडीत तो खांदा दुखतो. मागच्या दोघांनी मला ओढलं, मी त्यांना ओढलं. काठाची माती दोनदा ढासळली. तिसऱ्या वेळी त्यांची छाती कठीण जागेवर आली, आणि मग मी त्यांचं स्वेटर धरून फरपटत बाहेर काढलं.

काठावर त्यांना पालथं पाडलं. पाणी ओकले. थरथरत होते, ओठ जांभळे. बायकांनी स्वतःच्या शाली काढून त्यांच्यावर टाकल्या, कुणी तणसाचा जाळ केला. पहिलं वाक्य त्यांनी उच्चारलं ते नेहमीसारखंच खूप मोठ्यानं, कारण आपला आवाज त्यांना कळत नाही.

"मासा गेला!"



मी वर पाहिलं. बाई तिथेच होती, झाडाला टेकून, दोर धरून. लादी अर्ध्या उतारावर तशीच. मी आणि टेम्पोवाला वर गेलो आणि तिघांनी मिळून ती लादी खाली आणली, सावकाश, नियमानं, बाजूनं चालत. लादी खाली टेकली तेव्हा तिनं दोर सोडला आणि हात उघडले. दोन्ही तळव्यांवर दोराची रेघ उमटली होती, कातडी गेलेली. ती ते हात बघत उभी राहिली. मग त्याच बर्फाचा चुरा तिनं मुठींत घेतला आणि भाऊजींच्या जाळाजवळ जाऊन बसली.

काका आले ते चुना लावलेला हात छातीशी धरून. पाण्यात चार चिंध्या, गवतात तीन बांबू, जाळाशी थरथरणारा माणूस. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"मी लावूनच राह्यलो होतो," ते म्हणाले. "शिंगी लागली. मग मले वाटलं, कोणीतरी लावन."

बाईनं मान वर केली. मला वाटलं आता ती त्यांना सोडत नाही. ती म्हणाली, "काका, कोनी काऊन लावन? तुम्ही लावतो म्हटलं होतं. तुमचं नाव होतं त्याच्यावर."

"हाव, बाई."

"हे ऐकू शकत नाई. तुमाले माहीत होतं."

"हाव."

एवढंच. काकांनी सुजलेल्या हातानं बांबू उचलले. मी "राहू द्या, मी लावतो" म्हणालो तर त्यांनी मान हलवली. ते पाण्यात गेले, चाचपत चाचपत, एका हातानं. चौथा खुंट रोवेपर्यंत आम्ही सगळे काठावर उभे होतो. कुणी मासे निवडत नव्हतं.

बैठक दोन दिवसांनी झाली. काकांनीच विषय काढला. खुंट उपटायचेच नाहीत, जाळं छोटं करायचं, असं ते म्हणाले. बऱ्याच जणांना ते पटेना, छोट्या जाळ्यात मोठे मासे निसटतात. वाद चालला. भाऊजी कोपऱ्यात शाल पांघरून बसले होते. ते सगळ्यांची तोंडं बघत होते. मग उठून बाहेर गेले आणि तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा आणि दोर घेऊन आले. दोराला दगड बांधला, दुसऱ्या टोकाला डबा, आणि दाखवलं: दगड तळाशी, डबा वर. जाळ्याची वरची कड डब्याला लागली की त्यांनी डबा खाली दाबून दाखवला, जाळं वरून गेलं की डबा पुन्हा वर. खुंट उपटायला नको, जाळं फाटायला नको.

"असं कुठी पाह्यलं?" कुणीतरी हातवारे करून विचारलं.

"कुठीच नाई," भाऊजी मोठ्यानं म्हणाले. "पडून पडून विचार केला."

सुरुवातीला डबे वाहून गेले, दगड लहान होते. मग मोठे दगड आले. डब्यांना लाल रंग दिला. काही डबे गळून बुडाले. आजही दर हिवाळ्यात दोनचार बदलावे लागतात, आणि मला स्वतःला खुंटाइतका डब्यावर भरवसा वाटत नाही. म्हणून बरची घेऊन उतरण्याआधी मी आणि भाऊजी डोंग्यातून एक फेरी मारतोच.

भाऊजी पुन्हा पाण्यात उतरले तो दिवस बाईला सोपा गेला नाही. त्यांनी सकाळी बरचीला धार लावली तेव्हा ती भांडी घासत होती, आवाज करत. ते निघाले तेव्हा तिनं त्यांच्या पुढ्यात खडा टाकला. ते वळले. तिला काय सांगायचं होतं कुणास ठाऊक, तिनं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. ते हसले आणि गेले. ती टेम्पो घेऊन मूलला गेली नाही त्या दिवशी. लादी आणायला मला पाठवलं, आणि स्वतः पाळीवर मोहाखाली बसून राहिली, ते बाहेर येईपर्यंत.

त्या सकाळी काय झालं होतं ते आम्ही भाऊजींना नंतर सगळं सांगितलं. बाईनं हातांनी, मी जमिनीवर रेघा ओढून. बर्फ कुठून आला, पहिला कुठे पडला, दुसरा कुठे. ते लक्ष देऊन बघत राहिले. पहिल्या तुकड्याचं कळल्यावर त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली. दुसऱ्याचं मात्र त्यांना मान्य नाही.

"पहिला बर्फ असन," ते म्हणतात. "दुसरी मरळच होती. मी तिची पाठ पाह्यली."

बाई वाद घालत नाही. हातानं एवढीच खूण करते की, असेल बाबा, आणि त्यांच्या ताटात भाकर वाढते.